आठवा

देवबागच्या सुगंधा मेतरने
होमस्टेच्या पाच खोल्यांसाठी पाच चित्रं सांगितली.
"फॉरेनची दे. देव नको.
देवांसमोर पाव्हणे लाजतात बियर उघडायला."

मालवणात भरडावर माझं दुकान.
एरवी माझ्याकडे येतात ते गेलेले :
आधारकार्डावरचा फोटो बारा बाय पंधरा करायचा,
कपाळावरचा सरकारी शिक्का पुसायचा,
काच, चंदनी हार, सगळं तेराव्याच्या आत.
त्यामानाने हे काम सणाचं.

कोल्हापूरहून नळकांड्यातून गुंडाळी आली.
उलगडली तशी बाहेर पडली
मान टाकलेली सूर्यफुलं,
कानात मोती घातलेली ती गोरी पोर,
कुणी हाक मारली म्हणून वळलेली
आणि ओठ मिटायचं राहून गेलेली;
तळ्यातली कमळं, एक पिवळंधमक रात्रीचं हॉटेल,
आणि ती जपानी लाट,
नखं बाहेर काढलेली.

चार चित्रं तयार फ्रेमांत बसली.
लाट जराशी रुंद निघाली.
जराशी म्हणजे पाऊण इंच.
पाऊण इंचाने समुद्राचं काय जातं?
पट्टी धरली, कटर ओढला.
कातरण बिस्किटाच्या डब्यात टाकलं.
त्या डब्यात माझ्या वीस वर्षांच्या कडा आहेत :
कुणाचा खांदा, लग्नातल्या करवलीचं कोपर,
कुठल्या कुठल्या आभाळाची झालर.

खिळे ठोकायला मीच गेलो.
सुगंधाचा सासरा, भिकू मेतर, खाटेवरून उठून आला.
सूर्यफुलं बघितली नाहीत.
पोरीला म्हणाला, "बरी आसा."
लाटेसमोर मात्र थांबला,
चष्मा वर सारला, काचेला नाक लावलं
आणि होड्यांवरून बोट फिरवत राहिला.
मला वाटलं, आता लाटेबद्दल काहीतरी बोलेल.
चाळीस वर्षं दर्यात काढलेला माणूस.

"वल्ही आठ," तो म्हणाला.
"माणसां सात. आठवो खंय गेलो?"

मी हसलो. चित्र आहे आबा, म्हटलं, जपानचं, जुनं.
तो हसला नाही.
"होडी कडेक लागली काय
पयली माणसां मोजूची.
मगे मासो."

सुगंधा दारात उभी होती, हातात उशांचे अभ्रे.
एक अभ्रा तिने दोनदा घडी केला.
त्या घरातला एक बारा बाय पंधरा
मीच केलाय, हे मला तेव्हा आठवलं.

फ्रेम काखेत मारून परत आलो.
रात्री डबा जमिनीवर उपडा केला.
बायको म्हणाली, "काय हरवलं?"
माणूस, म्हणालो असतो,
पण तिने जेवण वाढलं होतं.
बारा वाजून गेल्यावर सापडला,
बोटाच्या पेराहून लहान,
निळ्या कपड्यातला, वाकलेला,
अर्ध्या होडीच्या कडेला एकटाच वल्हवत.

चिकटवला. कितीही सांभाळलं
तरी केसाएवढी रेघ राहिली,
वरच्या आभाळापासून खालच्या पाण्यापर्यंत.
नवी पट्टी कापली, सागवानी, माझ्या पदरची,
पाऊण इंच जास्त.

म्हाताऱ्याने परत मोजलं.
मग त्या रेघेवर अंगठा ठेवला, काचेवरून.
"सांधो दिसता."
हो, आबा.
"दिसांदेत. इलो मां?"

त्यानंतरचा बराच पाऊस गेला.
कमळांना बुरशी लागली, हॉटेलची काच पोपडली,
ती दोन्ही बदलून दिली.
लाटेचं विचारलं तर सुगंधा फोनवर हसली :
सांगलीच्या पाव्हण्याने पोहून आल्यावर
ओला टॉवेल तिच्यावर वाळत घातला,
तर मामंजी खोलीत शिरले, न विचारता,
टॉवेल काढला, काच पुसली,
आणि त्या माणसादेखत
पयल्यापासून मोजायला लागले.